ऑगस्ट नेमका कुणाचा?

एका रोमन सम्राटाच्या नावाने जगभर ओळखला जाणारा हा महिना पोलंडमध्ये विळ्याचा आहे, जपानमध्ये पानांचा आणि थायलंडमध्ये सिंहाचा. लिबियात तर काही वर्षं तो चक्क रोमच्या शत्रूच्या नावाने चालला. एकाच महिन्याची इतकी बारशी कुणी केली आणि त्यातली टिकली कोणती?

घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. ऑगस्टच्या पानावर वर ठळक अक्षरात 'ऑगस्ट' असतं आणि कुठेतरी बारीक अक्षरात 'आषाढ-श्रावण' नाहीतर 'श्रावण-भाद्रपद'. परीक्षेचा फॉर्म भरताना, तिकीट काढताना, सबमिशनची डेडलाइन बघताना आपण वरचं ठळक नाव वाचतो. घरात उपास आहे का, नॉनव्हेज कधी मिळणार, दहीहंडी कधी आहे, हे बघायचं असलं की नजर खालच्या बारीक अक्षरांवर जाते. एका पानावर दोन नावं, आणि आपण दोन्हींमध्ये आरामात राहतो.

पण या नावांकडे कधी थांबून बघितलंय? महिन्याचं नाव म्हणजे कुणीतरी कधीतरी केलेलं बारसं असतं. ते कुणी केलं हे कळलं, की त्या काळात कुणाचा शब्द चालत होता आणि लोक जगत कसे होते, हेही कळतं. ऑगस्ट त्यासाठी भारी केस स्टडी आहे.

आठवा महिना, जो आधी सहावा होता

सुरुवात रोमपासून करू. ऑगस्टचं मूळ रोमन नाव होतं 'सेक्स्टिलिस'. हसू नका, लॅटिनमध्ये 'सेक्स्टुस' म्हणजे सहावा. जुन्या रोमन कॅलेंडरचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑगस्ट सहावा. त्याच्या आधीचा जुलै होता 'क्विंटिलिस', म्हणजे पाचवा. पुढे वर्षाची सुरुवात जानेवारीत गेली, पण आकड्यांची नावं तशीच राहिली. म्हणूनच सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आज नववा ते बारावा असूनही नावाने मात्र सातवा, आठवा, नववा आणि दहावाच आहेत.

ही नावं मोठ्याने म्हणून बघा. सेप्टेम-सप्त, ऑक्टो-अष्ट, नोवेम-नव, डेकेम-दश. लॅटिन आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या बहिणी असल्यामुळे हे आकडे कानाला ओळखीचे वाटतात. आपल्या 'षष्ठ'चा लॅटिन भाऊ तो 'सेक्स्टुस'.

ज्युलियस सीझरच्या नावावरून इ.स.पू. ४४ मध्ये क्विंटिलिसचा जुलै झाला. त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन पुढे रोमचा पहिला सम्राट बनला. इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने त्याला 'ऑगस्टस' हा किताब दिला आणि इ.स.पू. ८ मध्ये सेक्स्टिलिसचं नाव बदलून ऑगस्ट केलं. खरं तर त्याचा वाढदिवस २३ सप्टेंबरचा. मग सप्टेंबर सोडून हा महिना का? कारण त्याचं मोठं यश याच महिन्यात जमा झालं होतं. पहिल्यांदा कॉन्सलपद मिळालं ते याच महिन्यात, विजयाच्या तीन मिरवणुका निघाल्या त्या याच महिन्यात, आणि इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राचं इजिप्त रोमच्या हाती आलं तेही याच महिन्यात. थोडक्यात, ऑगस्ट हा सम्राटाच्या सीव्हीतला सगळ्यात चांगला महिना होता.

योगायोगाची गंमत म्हणजे त्याचं मूळ घराणं ऑक्टेव्हियस, आणि 'ऑक्टेवुस' म्हणजे आठवा. आज त्याचा महिना बरोब्बर आठव्या क्रमांकावर आहे.

'ऑगस्टस' या शब्दाचा अर्थ पूजनीय, थोर. त्याचं नातं वाढ आणि सामर्थ्य सांगणाऱ्या ज्या जुन्या धातूशी जोडतात, त्याच धातूच्या संस्कृत शाखेवर 'ओजस्' आणि 'उग्र' हे शब्द आहेत. म्हणजे 'ओजस्वी भाषण' म्हणताना तुम्ही ऑगस्टच्या चुलतभावाला हाक मारत असता. मात्र हिंदीतला 'अगस्त' बघून हा महिना अगस्ती ऋषींवरून आला असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. तिथे फक्त उच्चार जुळतो.

तो फेब्रुवारीचा फॉरवर्ड

तुमच्याही ग्रुपवर हा मेसेज येऊन गेला असेल. 'जुलैला ३१ दिवस आणि माझ्या महिन्याला ३०च? ऑगस्टसचा इगो दुखावला, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून आपल्या महिन्याला जोडला.' गोष्ट छान आहे, पण खरी नाही.

ज्युलियस सीझरने कॅलेंडरची दुरुस्ती केली आणि इ.स.पू. ४५ पासून ती लागू झाली. त्या आधी सेक्स्टिलिसला २९ दिवस होते. सीझरने त्यात दोन दिवस घालून ते ३१ केले. म्हणजे ऑगस्टसचं नाव लागण्याच्या कितीतरी आधीच हा महिना ३१ दिवसांचा होता. फेब्रुवारी तर सीझरच्याही आधीपासून २८ दिवसांचाच. चोरीची ही कथा जोडली जाते ती तेराव्या शतकातल्या सॅक्रोबोस्को नावाच्या विद्वानाशी. म्हणजे हा फॉरवर्ड साधारण आठशे वर्षं जुना आहे!

महिना आपल्या नावाचा करायचाय?

ऑगस्टसचं जमलं म्हटल्यावर पुढच्या सम्राटांनाही तोच मोह झाला. नीरोने एप्रिलचं नाव 'नीरोनियस' केलं. डोमिशियनने सप्टेंबरला 'जर्मानिकस' आणि ऑक्टोबरला 'डोमिशियानस' केलं. कोमोडस, 'ग्लॅडिएटर' सिनेमातला व्हिलन, त्याने तर हद्द केली. बाराच्या बारा महिन्यांना त्याने स्वतःची नावं आणि बिरुदं लावली. हे सम्राट गेले आणि मागोमाग त्यांचे महिनेही गेले. शहाणा निघाला तो ऑगस्टसचा वारस टायबेरियस. सिनेट नोव्हेंबरला त्याचं नाव द्यायला निघाली, तेव्हा उद्या तेरावा सीझर आला तर काय करणार, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्याने तो विषय संपवला, असं रोमन इतिहासकार सांगतात.

हा आजार फक्त रोमचा नाही. आपल्या आईबाबांच्या हयातीतली दोन उदाहरणं घ्या.

लिबियात गडाफीने महिन्यांची नावं बदलली. ज्युलियस सीझरचा जुलै इजिप्तच्या नासरच्या नावाने 'नासर' झाला आणि ऑगस्ट झाला 'हानिबाल'. हा हानिबाल म्हणजे हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा, रोमची झोप उडवणारा कार्थेजचा सेनापती. लिबियावर आधी इटलीची वसाहत होती. त्यामुळे रोमन सम्राटाला महिन्यातून हाकलून तिथे रोमचा कट्टर शत्रू बसवण्यात एक हिशेब चुकता करण्याची भावना दिसते. २०११ मध्ये गडाफीची सत्ता गेली आणि ही नावंही मागे पडली.

तुर्कमेनिस्तानात राष्ट्राध्यक्ष नियाझोव यांनी २००२ मध्ये सगळे महिने बदलले. जानेवारीला स्वतःचा किताब 'तुर्कमेनबाशी', एप्रिलला आईचं नाव, सप्टेंबरला स्वतः लिहिलेल्या 'रुहनामा' या पुस्तकाचं नाव. ऑगस्ट गेला सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानकडे. २००६ मध्ये नियाझोव वारले आणि २००८ मध्ये जुनी नावं परत आली.

सम्राट, हुकूमशहा सोडा, फ्रेंच क्रांतिकारकांनाही हे टिकवता आलं नाही. त्यांचा हेतू तर चांगला होता. राजे आणि देव बाजूला सारून त्यांनी निसर्गावरून नावं दिली. आपल्या ऑगस्टवर तेव्हा 'थर्मिदोर' म्हणजे उष्णतेचा महिना आणि 'फ्रुक्तिदोर' म्हणजे फळांचा महिना अशी दोन नावं येत होती. १७९३ मध्ये आलेलं हे कॅलेंडर १८०६ उजाडताच रद्द झालं.

मग ऑगस्टस कसा टिकला? एक तर त्याने चाळीस वर्षांहून जास्त राज्य केलं. मेल्यावर त्याचं नाव पुसायला कुणी आलं नाही, उलट पुढच्या सम्राटांनी 'ऑगस्टस' हाच किताब मिरवला. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. त्याच्या महिन्यात सामान्य माणसांनी आपला संसार थाटला. कसा, ते बघण्यासाठी दरबारातून थेट शेतात जावं लागेल.

विळा, गाडी आणि तण

युरोपात ऑगस्ट म्हणजे धान्य कापणीचा काळ. तिथल्या कित्येक भाषांनी सम्राटाकडे सरळ दुर्लक्ष करून महिन्याला कामाचं नाव दिलं. पोलिश भाषेत ऑगस्ट आहे 'शेर्पेन', चेकमध्ये 'स्र्पेन', युक्रेनियनमध्ये 'सेर्पेन'. ऐकून नागपंचमी आठवेल, पण सापाशी संबंध नाही. या सगळ्यांच्या मुळाशी 'विळा' हा शब्द आहे. विळा हातात घ्यायचा महिना. लिथुआनियन 'रुगप्यूतिस' म्हणजे राय धान्याची कापणी. फिनिश 'एलोकू'मधला 'एलो' म्हणजे धान्य, पीक, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'जीवन'. 'कू' म्हणजे चंद्र आणि महिनाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'मास' शब्दाच्या मुळाशी चंद्रच आहे, आणि 'महिना' ज्या फारसी 'माह'वरून येतो, त्याचाही अर्थ चंद्र.

क्रोएशियात गंमत आहे. तिथेही विळ्याचा महिना आहे, 'स्रपान्य', पण तो जुलै! ऑगस्टला तिथे म्हणतात 'कोलोवोझ', म्हणजे गाडी हाकण्याचा महिना. दक्षिणेच्या उबदार भागात पीक लवकर तयार होतं. उत्तरेत लोक कापणी करत असतात तेव्हा इथे धान्य गाडीत भरून घरी नेण्याचं काम चालू असतं. उद्या पोलंड आणि क्रोएशियातल्या दोन मित्रांनी एकमेकांना 'विळ्याच्या महिन्यात भेटू' म्हटलं, तर भेट व्हायची नाही.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं नाव. बीड नावाच्या इंग्लिश मठवासी विद्वानाने इ.स. ७२५ मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने इंग्रजांचे जुने, स्वतःचे महिने नोंदवून ठेवले. त्यात ऑगस्टचं नाव आहे 'वेओदमोनाथ', म्हणजे तणाचा महिना. का, तर या दिवसांत तण माजतं म्हणून.

क्षणभर इंग्लंड विसरा आणि ऑगस्टमधलं महाराष्ट्रातलं शिवार डोळ्यांसमोर आणा. मृगात पेरलेलं सोयाबीन, कापूस, तूर हातभर वाढलंय आणि त्याच्या बरोबरीने तणही. बांधावर चपला काढून बायकांच्या रांगा खुरपी घेऊन वाकलेल्या आहेत. कुठे याला खुरपणी म्हणतात, कुठे निंदणी, सांगली-कोल्हापूरकडे भांगलण, कोकणातल्या भातात बेणणी. तेराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शेतकऱ्याने ठेवलेलं नाव आपल्या ऑगस्टला रोमन सम्राटाच्या नावापेक्षा जास्त शोभतं. इंग्रज पुढे हे नाव विसरले, आणि जगभर पसरले तेव्हा आपल्याकडे घेऊन आले ते सम्राटाचं नाव.

सम्राटाचं नाव, शेतकऱ्याचा अर्थ

ज्यांनी सम्राटाचं नाव घेतलं, त्यांनीही ते जसंच्या तसं ठेवलं नाही. डच भाषेत पीक-कापणीला 'ओख्स्ट' म्हणतात आणि हा शब्द चक्क 'ऑगस्टस'वरून आलाय. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला बोलल्या जाणाऱ्या ब्रेटन भाषेत 'एओस्त' म्हणजे ऑगस्टही आणि सुगीही. स्पॅनिशमध्ये कुणी चांगला धंदा करून घेतला की म्हणतात, त्याने 'आपला ऑगस्ट केला'. आपण 'चांदी झाली' म्हणतो ना, तसंच. आणि त्याच भाषेत 'आगोस्तार' हे क्रियापद उन्हाने झाड करपण्यासाठी आहे.

म्हणजे बघा, सिनेटने ठराव केला विजयांच्या मिरवणुकांसाठी. दोन हजार वर्षांनी त्या नावातून कुणाला सुगी ऐकू येते, कुणाला नफा, तर कुणाला करपलेलं रान. मिरवणूक कुणालाच आठवत नाही.

इटलीत १५ ऑगस्टला 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते. हे नावही ऑगस्टसच्या काळातल्या सुट्ट्यांवरून आलंय. आज लोक त्या दिवशी समुद्रावर जातात. फ्रेंचांनी तर सुट्टीवरून माणसांच्या दोन जाती पाडल्यात. जुलैत फिरायला जाणारे वेगळे आणि ऑगस्टमध्ये जाणारे वेगळे, आणि दोघांना स्वतंत्र शब्द.

देव, आकडे आणि वालाचं बिरडं

नाव ठेवण्याचे आणखीही मार्ग आहेत. आयरिश भाषेत ऑगस्ट म्हणजे 'लूनसा'. लुग नावाच्या जुन्या देवाचा सुगीच्या सुरुवातीचा सण १ ऑगस्टला असायचा, त्यावरून. आपल्या शेजारी गोव्यातही ऑगस्टमध्ये ख्रिस्ती शेतकरी भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेऊन 'कणसांचें फेस्त' साजरं करतात. नवं धान्य आधी देवाला, मग घरात. आयर्लंड आणि गोवा एकमेकांना विचारायला गेले नव्हते, पण शेतातलं पीक दोघांनाही तेच शिकवत होतं.

चिनी भाषेने सगळी कटकटच मिटवली. पहिला महिना, दुसरा महिना, आठवा महिना. जपाननेही १८७३ मध्ये पाश्चात्त्य कॅलेंडर घेतल्यावर आकडेच वापरले, पण आठव्या महिन्याचं जुनं नाव 'हाझुकी', म्हणजे पानांचा महिना, अजून लोकांना माहीत आहे. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाचे लोकही आकडेच वापरायचे. रोमन देवांची आणि राजांची नावं तोंडी नकोत, ही त्यांची भूमिका. इंग्लंडचं वर्ष १७५२ पर्यंत मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून त्यांच्यासाठी ऑगस्ट आधी 'सहावा महिना' होता आणि नंतर 'आठवा'. सेक्स्टिलिसची गोष्ट पुन्हा एकदा!

अरबी बोलणाऱ्या देशांत एकच भाषा असूनही ऑगस्टला ठिकठिकाणी वेगळं नाव आहे. इजिप्तमध्ये 'अघुस्तुस', मोरोक्कोत 'घुश्त', फ्रेंचांची सत्ता असलेल्या ट्युनिशिया-अल्जीरियात फ्रेंचांसारखं 'ऊत', आणि सीरिया-इराकमध्ये 'आब'. यातलं 'आब' सगळ्यात जुनं. ते थेट बॅबिलोनच्या कॅलेंडरमधून आलंय. ज्यूंनीही तेच घेतलं, त्यांच्याकडे तो 'आव' झाला.

याच महिन्याचा एक धागा कोकणात येतो. आव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळतात, उपास करतात. रायगड, मुंबईतले मराठी बोलणारे बेने इस्रायली त्या दिवसाला म्हणत 'बिरड्याचा सण', कारण त्या वेळी वालाचं बिरडं खायचं असे. महिना बॅबिलोनचा, शोक जेरुसलेमचा आणि ताटात बिरडं कोकणातलं.

वर चंद्र, समोर सूर्य

आता कॅलेंडरच्या त्या बारीक अक्षरांकडे येऊ. श्रावणाला नाव दिलं ते आकाशाने. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र श्रवण नक्षत्राच्या आसपास असतो, तो श्रावण. त्याहून जुनं वैदिक नाव आहे 'नभस्', म्हणजे ढग, धुकं, आकाश. खगोलशास्त्रातला 'नेब्युला' याच 'नभस्'चा लॅटिन नातेवाईक.

हॉस्टेलवर उत्तर भारतातली मुलं असतील तर एक गोंधळ तुम्ही पाहिला असेल. त्यांचा 'सावन' आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे राखी पौर्णिमेला त्यांचा सावन संपतो आणि आपला श्रावण अर्ध्यात असतो. भांडायचं कारण नाही, सण एकाच दिवशी येतो.

केरळात मात्र याच सुमारास 'चिंगम' सुरू होतो. चिंगम म्हणजे सिंह. सूर्य सिंह राशीत गेला की तो महिना सुरू. ओणम सण चिंगममध्येच येतो, आणि 'ओणम' हा शब्द 'तिरुओणम'मधून, म्हणजे आपल्याच श्रवण नक्षत्रातून आलेला. सूर्य सिंहेच्या बाजूला असतो तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र समोरच्या बाजूला श्रवणाजवळ असतो. आपण चंद्राकडे बघून नाव ठेवलं, मल्याळी लोकांनी सूर्याकडे. आकाश एकच.

हाच सिंह थायलंडच्या सरकारी कॅलेंडरवर बसलाय. थाई भाषेत ऑगस्ट म्हणजे 'सिंघाखोम'. फोडून बघा, सिंह अधिक आगम. १८८९ मध्ये राजपुत्र देववोंग्से यांनी राशींच्या संस्कृत नावांवरून हे महिने तयार केले. त्यात एक भन्नाट युक्ती आहे. ३१ दिवसांच्या महिन्यांच्या शेवटी 'खोम', ३० दिवसांच्या महिन्यांच्या शेवटी 'योन', आणि फेब्रुवारीला वेगळाच प्रत्यय. थाई मुलांना मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजावे लागत नाहीत, नावातच उत्तर आहे. आपण ऑगस्टला लॅटिन नावाने हाक मारतो आणि बँकॉकमध्ये त्याला संस्कृतने हाक मारतात!

मग आपला ऑगस्ट कुठला?

'हे नाव परकं, ते आपलं' असा निकाल द्यायची घाई नको. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर तारखा 'छ ११ सफर' अशा सापडतात. 'छ' ही चांद्र तारखेची खूण आणि 'सफर' हा हिजरी महिना. शेंडीवाले कारकून मोडी लिपीत अरबी महिने लिहीत होते आणि घरी श्रावण पाळत होते. वर्षाचं नाव होतं 'शुहूर सन', आणि 'शुहूर' हा अरबीत 'महिने' याचाच शब्द. त्याचं नवं वर्ष मात्र सुरू व्हायचं सूर्य मृगात गेला की, म्हणजे आपल्या पेरणीच्या वेळी. सरकारी नाव परकं, पण वर्ष शेतीच्या तालावर. दोन कॅलेंडरांमध्ये राहायची सवय आपल्याला जुनीच आहे.

स्वतंत्र भारतानेही हा प्रयत्न केला. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. तिच्याप्रमाणे १५ ऑगस्ट म्हणजे २४ श्रावण. राजपत्रावर ही तारीख आजही छापली जाते. पण आपल्यापैकी कुणी '२४ श्रावणाच्या शुभेच्छा' असं स्टेटस ठेवलंय? कायद्याने नाव कागदावर येतं, तोंडात यायला माणसं लागतात.

ती माणसं कशी येतात, याचं उत्तर मुंबईतच आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले आणि त्याच मैदानावर अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवला. आज त्या जागेचं नाव ऑगस्ट क्रांती मैदान. ज्या माणसाने रोमचं प्रजासत्ताक संपवून साम्राज्य उभं केलं, त्याचं नाव आपण साम्राज्याविरुद्धच्या लढ्याला लावून टाकलं. पाच वर्षांनी स्वातंत्र्यही ऑगस्टमध्येच आलं. गडाफीला सम्राटाचं नाव खोडावं लागलं. आपण ते खोडलं नाही, त्यात आपला इतिहास भरला.

नामांतरं आपल्याकडे सतत चर्चेत असतात, आणि रस्त्यापासून शहरापर्यंतच्या पाट्या आपण बदलताना बघतो. त्यावर तुमचं मत काहीही असो, ऑगस्टची गोष्ट लक्षात ठेवा. नाव ठेवायला सत्ता पुरते. ते टिकवायला मात्र तण काढणारे, धान्य वाहणारे, बिरडं शिजवणारे आणि मैदानात उतरणारे लोक लागतात.

जाता जाता एक काम सांगते. या ऑगस्टमध्ये गावी फोन कराल तेव्हा विचारा, सध्या शेतात काय चाललंय आणि त्याला तिकडे काय म्हणतात. जे उत्तर येईल ते लिहून ठेवा. बीडने त्याच्या गावचा तणाचा महिना लिहून ठेवला, म्हणूनच आज तो आपल्याला माहीत आहे.

चौकट : ऑगस्टला कुठे काय म्हणतात?

आयरिश : लूनसा (लुग देवाचा सण)
पोलिश : शेर्पेन (विळा)
क्रोएशियन : कोलोवोझ (गाडी हाकणं)
लिथुआनियन : रुगप्यूतिस (राय कापणी)
फिनिश : एलोकू (धान्याचा चंद्र)
जुनं इंग्लिश : वेओदमोनाथ (तण)
सीरिया, इराक : आब (बॅबिलोनचा वारसा)
थाई : सिंघाखोम (सिंह + आगम)
जुनं जपानी : हाझुकी (पानं)